तीस इंचांचं पेर

बाबांचा ऑडिओग्राम बघून मी नवी बासरी विकत घेतली. वाक्य जरा विचित्र आहे खरं, पण झालं ते असंच.

बाबा यवतमाळला असतात. मास्तरकीतून रिटायर होऊनही बरीच वर्षं झाली. गेल्या दिवाळीत घरी गेलो तेव्हा सवयीने माझी जुनी बासरी काढली. शाळेत असताना शिकलेली, हातभरसुद्धा लांब नसलेली, पांढरी एकची. पाचेक मिनिटं वाजवली. पूर्वी बाबा पेपर बाजूला ठेवून ऐकायचे. या वेळी पेपर खाली आला नाही. आईने हळूच सांगितलं, "अरे, त्यांना वरचं ऐकूच येत नाही आता. कुकरची शिट्टी पण मीच मोजते."

दुसऱ्या दिवशी ऑडिओग्रामचा कागद बघितला. खालच्या सुरांना आलेख बऱ्यापैकी सरळ आणि १००० हर्ट्‌झच्या पुढे घसरगुंडी. आता आमच्यासारख्या माणसाला आलेख दिसला की हात शिवशिवतात. माझ्या लहान बासरीचा सा ५२३ हर्ट्‌झचा, तार सा १०४६ चा. म्हणजे मी जे काही 'सुंदर' वाजवत होतो त्यातलं बरंचसं घसरगुंडीवरच होतं! पांढरी तीनची मोठी बासरी घेतली तर? तिचा सा ३३० चा, मंद्र पंचम २४७ चा आणि तार पंचम ९८८ चा. अख्खी बासरी हजाराच्या आत. प्रश्न सुटला. पुण्यात आलो आणि येत्या वीकांताला जाऊन तीस इंची बासरी घेऊन आलो.

प्रश्न अर्थातच सुटला नव्हता.

मोठी बासरी हातात घेतली की पहिला साक्षात्कार असा होतो की आपली बोटं आखूड आहेत. लहान बासरीवर बोटांची टोकं टेकवली की काम भागतं. इथे टोकं टेकवायला गेलात तर अनामिका भोकापर्यंत पोचतच नाही. बोटं सपाट ठेवून मधल्या पेरांनी भोकं झाकावी लागतात, आणि तिथे बोटाला काही कळत नाही. कुठेतरी केसभर फट राहते आणि मंद्र पंचमाऐवजी 'फुस्स' निघतं. फुंकही वेगळी. लहान बासरीला बारीक, वेगवान फुंक लागते. हिला भरपूर हवा लागते पण ती सावकाश सोडायची, आणि जोर लावला की बाईसाहेब थेट वरच्या सप्तकात. पहिल्या आठवड्यात दहा मिनिटांत चक्कर यायची. दिवसभर कीबोर्ड बडवून आधीच दुखणारं मनगट वेगळंच. हाफिसातल्या मित्राने विचारलं, "अरे, मग लहान भोकांची, जवळजवळ भोकं असलेली मोठी बासरी का बनवत नाहीत?"

प्रश्न चांगला होता. मी आपला शनिवारभर त्याच्या मागे लागलो, आणि जे सापडलं ते भलतंच रंजक निघालं.

सगळ्यात आधी आपल्याच मातीतले गृहस्थ भेटले. देवगिरी, म्हणजे आपला दौलताबादचा किल्ला. तेराव्या शतकात यादवांचा राजा सिंघण याच्या पदरी शार्ङ्गदेव नावाचा अधिकारी होता. आजोबा काश्मीरहून आलेले, घराणं दक्षिणेत स्थिरावलेलं. त्याचा हुद्दा होता श्रीकरणाधिप, म्हणजे साधारण चीफ अकाउंटंट. या हिशेबनिसाने 'संगीतरत्नाकर' लिहिला, जो पुढे हिंदुस्तानी आणि कर्नाटक दोन्हीकडच्या मंडळींनी आधार मानला. (दिवसा खतावण्या आणि उरलेल्या वेळात संगीतावर लेखन. वीकांताला लिहिणाऱ्या सगळ्यांनी या माणसाचा फोटो लावायला हवा. फोटो नाही हीच काय ती अडचण.)

वाद्यांच्या प्रकरणात त्याने बासऱ्यांची प्रतवारी लावलीय, आणि ती फुंकायचं भोक आणि बोटांचं पहिलं भोक यातल्या अंतरावर. अंतर अंगुळांत. प्रत्येक मापाला नाव, आणि नावातच आकडा: अकरा अंगुळांची ती रुद्र, बारांची आदित्य, चौदांची मनू, सोळांची कलानिधी. रुद्र अकरा, आदित्य बारा, मनू चौदा आणि चंद्राच्या कला सोळा. व्हेरिएबलला इतकं नेमकं नाव देणारा माणूस मी आमच्या टीममध्ये अजून पाहिलेला नाही. मी माझ्या नव्या बासरीवर हे अंतर स्वतःच्या बोटांनी मोजलं. सोळा भरलं. म्हणजे मी घेतली ती कलानिधी! उगाचच छाती फुगली.

बासरी कशाची करावी तेही त्याने सांगितलंय. वेळू तर आहेच, पण खैराचं लाकूड, चंदन, हस्तिदंत, लोखंड, कासं, रुपं, सोनं हेही चालेल. शिवाय फुंकेचे गुण दिलेत. स्निग्धता, घनता, माधुर्य वगैरे, आणि त्यातच सावधानता. दोषांची यादी वेगळी. ती वाचताना आपल्याच कोड रिव्ह्यूच्या कॉमेंट्स वाचल्यासारखं वाटलं.

बासरी त्याच्याही आधीपासून आहेच. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात महाजनक जातकाच्या चित्रात नर्तकीच्या शेजारी बासरी वाजवणाऱ्या बायका आहेत, तीही आडवी बासरी, पाचव्या शतकातली. त्यामुळे आपला असा समज होतो की आज मैफिलीत दिसते ती लांबलचक बासरी कृष्णाच्या काळापासून तशीच चालत आलीय. इथेच आपण फसतो. ग्रंथात मोठी मापं होती, देवळाच्या भिंतींवर वेणुगोपाळ होता, पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्तानी मैफिलीत बासरी हे एकट्याने बसून ख्याल मांडायचं वाद्य नव्हतं. ती होती गुराख्याकडे, जत्रेत, लोकगीतात, नाटकाच्या साथीत. बीन होती, सतार होती, सारंगी होती. बासरीला राग झेपणार नाही असंच धरून चाललेलं. आणि लहान बासरी बघता ते फार चूक नव्हतं. बडा ख्याल सुरू होतो खर्जातून, सावकाश. लहान बासरी मुळातच चिवचिवाटी. तिला गंभीर हो म्हणणं म्हणजे चिमणीला कीर्तनाला बसवणं.

हे बदललं एका माणसाने. पन्नालाल घोष. जन्म १९११, बारिसाल, म्हणजे आजच्या बांगलादेशात. तरुणपणी बॉक्सिंग करणारा हा गडी कलकत्त्यात न्यू थिएटर्सच्या वाद्यवृंदात वाजवू लागला. १९३८ साली सराइकेलाच्या नृत्यपथकाबरोबर युरोपात जाऊन आला आणि १९४० मध्ये मुंबईत दाखल झाला. संगीतकार अनिल विश्वास हे त्यांचे मेहुणे, गायिका पारुल घोष ही पत्नी. १९४२ च्या 'बसंत'चं संगीत त्यांच्या नावावर आहे. पुढे १९४७ पासून ते मैहरच्या अल्लाउद्दीन खाँसाहेबांकडे शिकले. १९५६ मध्ये आकाशवाणीच्या वाद्यवृंदासाठी दिल्लीला गेले आणि २० एप्रिल १९६० ला तिथेच वारले. वय अवघं अठ्ठेचाळीस. 'मुघल-ए-आझम'मध्ये त्यांची बासरी आहे, पण तो चित्रपट लागला त्यांच्या मृत्यूनंतर, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये.

पण मला गुंतवून ठेवलं ते त्यांच्या आधीच्या प्रयोगांनी. गळ्याच्या जवळ जाणारा आवाज हवा म्हणून त्यांनी निरनिराळ्या मापांच्या आणि निरनिराळ्या पदार्थांच्या बासऱ्या करून पाहिल्या, धातूच्यासुद्धा, आणि शेवटी वेळूवरच आले. लांबी बत्तीस इंचांपर्यंत गेली. शिवाय तीव्र मध्यमासाठी सातवं भोक पाडलं, करंगळीने झाकायचं. म्हणजे ज्या बासरीवर अनामिका पोचवताना माझी वाट लागली होती, तिच्यावर या माणसाने करंगळीलाही कामाला लावलं!

इथे मित्राच्या प्रश्नाचं उत्तर आहे, आणि त्यासाठी जरा म्युनिकला जाऊन यावं लागेल. बोटं पोचत नाहीत ही अडचण तिकडेही होती. थिओबाल्ड बोम हा सोनाराचा मुलगा, स्वतः उत्तम लाकडी बासरी वाजवणारा. १८३१ मध्ये लंडनला गेला असता त्याने चार्ल्स निकल्सनची बासरी ऐकली. निकल्सनची बासरी मोठ्या भोकांची आणि दणदणीत आवाजाची. आपल्या बासरीतून तो आवाज निघणं शक्य नाही हे बोमला उमगलं, आणि सदतिशीच्या आसपास असलेल्या या नामवंत वादकाने परत जाऊन वाद्यच नव्याने बांधलं. भोकं बोटांच्या सोयीने पाडायची नाहीत, ध्वनिशास्त्र सांगेल तिथे आणि शक्य तेवढी मोठी पाडायची, आणि बोटं पोचत नसतील तर मध्ये चाव्या बसवायच्या. १८३२ ला पहिली आवृत्ती आणि १८४७ ला धातूच्या सरळ नळीची दुसरी. आमच्या भाषेत सांगायचं तर बोमने हार्डवेअर आणि बोटं यांच्यामध्ये एक ड्रायव्हर लिहिला. आज जगभरच्या ऑर्केस्ट्रांत दिसते ती चंदेरी बासरी हीच. (बोमलाही नवी बोटं नव्याने बसवावी लागली, आणि जर्मनी-इंग्लंडातले जुने वादक पुढे कितीतरी दशकं आपलं लाकूड सोडायला तयार नव्हते. नव्या व्हर्जनला शिव्या देणारे तेव्हाही होतेच.)

मग पन्नालालांनी चाव्या का नाही बसवल्या? मींड हवी म्हणून. गंधारावरून षड्जावर येताना आपल्याकडे पायऱ्या उतरत नाहीत, घसरतात. बासरीवर ही घसरण होते ती बोट भोकावरून तसूतसूने सरकवून. भोक अर्धं उघडं, पाव उघडं, त्याहून कमी. मध्ये चावी आली की ती मुख्यतः दोनच गोष्टी जाणते, उघड आणि बंद. बोमच्या संगीताला ते चालत होतं, ख्यालाला नाही. आणि भोकं लहान करून जवळ आणली तर आवाज दबतो, सूर हलतात. तेव्हा भोकं जिथे असायला हवीत तिथेच राहणार, उघडीच राहणार, आणि मधला ताण बोटांनी सोसायचा. ड्रायव्हर नाही, जे काय करायचं ते हाडामांसाने. माझी अनामिका दुखत होती ती मींडेची किंमत होती. हे कळल्यावर दुखणं कमी झालं नाही, पण चिडचिड गेली. एवढाही फरक पुष्कळ असतो.

या ताणाची आणखी एक गोष्ट आपल्या मुंबईतलीच. हरिप्रसाद चौरसिया सिनेमाच्या रेकॉर्डिंगमधले अत्यंत व्यग्र बासरीवाले होते तेव्हा ते अन्नपूर्णादेवींकडे शिकायला गेले. अन्नपूर्णादेवी म्हणजे अल्लाउद्दीन खाँसाहेबांची मुलगी, ज्यांच्याकडे पन्नालाल शिकले त्यांचीच. त्यांनी बराच काळ नकार दिला. आजवर शिकलास ते विसरून पहिल्यापासून सुरू करायची तयारी हवी, ही अट. आपण खरोखर पहिल्यापासून सुरू करतोय हे दाखवायला हरिजींनी चक्क हात बदलले. उजवीकडे धरायची बासरी डावीकडे धरली. आजही त्यांचे फोटो बघा, बासरी डाव्या बाजूलाच. मी ही गोष्ट आधीही ऐकलेली होती आणि 'वा' म्हणून सोडून दिली होती. नवी बासरी हातात धरून तीन आठवडे फुस्सफुस्स केल्यावर तीच गोष्ट ऐकताना पोटात गोळा येतो. पोटापाण्याचा धंदा ज्या बोटांवर, तीच बोटं अडाणी करून घ्यायची!

पन्नालालांची वाट त्यांचे जावई आणि शिष्य देवेंद्र मुर्डेश्वर यांनी पुढे नेली, आणि त्यांच्याकडून पं. केशव गिंड्यांमार्फत ती पुण्यापर्यंत आली. तेव्हा पुण्यात बासरी शिकणाऱ्या कुठल्याही आयटीवाल्याच्या बोटांचा ताण थेट १९३० च्या दशकातल्या कलकत्त्यापर्यंत जोडलेला आहे म्हणायला हरकत नाही. जेमतेम नव्वद वर्षांची 'प्राचीन परंपरा'!

असो. मे महिन्यात बासरी घेऊन यवतमाळला गेलो. रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये ती मांडीवर धरून, कारण वरच्या रॅकवर टाकायचा धीर होईना. घराजवळ बुरडाचं जुनं दुकान आहे. सुपं, टोपल्या, ताटवे. लहानपणापासून तिथे बांबूचे ढीग बघितलेत. आपल्या जिल्ह्यात सागाबरोबर बांबूही आहे, आणि बुरडांप्रमाणेच केळापूर-पांढरकवड्याकडचे कोलामही बांबूकामात पिढ्यानपिढ्या तरबेज. तेव्हा मनात आलं, एवढी महाग बासरी पुण्यातून आणण्यापेक्षा इथल्याच बांबूची का नाही करून घ्यायची? काकांना बासरी दाखवली. त्यांनी हातात तोलली, टिचकी मारली आणि आरपार बघितलं.

"हा इकडचा नाई," ते म्हणाले. "पाह्य ना कसा हलका हाये. आपल्याइकडचा मानवेल आतून भरेल रायते. त्यात फू घालसान तं तिथंच अडकन."

"आणि पोकळ मिळाला तर?"

"पेर कुठून आणसान येवढं?" त्यांनी वीत लावून दाखवली. मानवेलाचं पेर फार तर दीड-दोन विती. माझी बासरी सलग तीन वितींच्या वर, मध्ये गाठ नाही.

काकांचं म्हणणं वनस्पतिशास्त्राशी तंतोतंत जुळतं. मानवेल जाड भिंतीचा, पुष्कळदा भरीवच. म्हणून तर लाठ्या त्याच्या आणि इंग्रजांच्या घोडदळाच्या भाल्यांचे दांडेही त्याचे. इंग्रजीत त्याला 'नर बांबू' म्हणतात. मैफिलीच्या बासरीला लागतो तो ईशान्येकडचा, आसामकडचा, पातळ भिंतीचा आणि लांब पेराचा. तिकडचा डोलू हा त्यातला नामांकित. त्याच्या नळीत तांदूळ भरून जाळावर भाजतात आणि चुंगा पिठा करतात, इतकी ती नळी पातळ आणि लांब. पन्नालाल जन्मले त्या बंगालच्या पूर्वेकडे असली पेरं मिळणारच. समजा ते आमच्या यवतमाळात जन्मले असते तर? बॉक्सिंग सोडून लाठी शिकले असते बहुधा. :-)

(आणखी एक गंमत. बांबू हे शास्त्राने गवत. पण १९२७ च्या वन कायद्यात 'झाड' या व्याख्येत बांबू घातलेला होता. जंगलाबाहेर लावलेला बांबू त्यातून वगळला तो २०१७ मध्ये. तेव्हा माझ्या बासरीला लाकडी म्हणावं की गवती, हे तुम्ही कुणाला विचारता त्यावर आहे.)

निघताना काका म्हणाले, "तेल देत जा हिले. आपला उन्हाळा सोसाचा नाई तिले." ते शंभर टक्के बरोबर होतं. पारा चव्वेचाळीसच्या घरात. ओलसर मुलुखातली ती नळी, विदर्भाच्या कोरड्या मेमध्ये तडकायला वेळ लागत नाही. बासरीवर जागोजागी दोरा गुंडाळलेला असतो तो शोभेसाठी नाही, चीर पसरू नये म्हणून. मी दुपारभर ओल्या फडक्याजवळ बासरी ठेवून बसलो, मोहरीचं तेल आतून फिरवलं. आई म्हणाली, "लहान बाळाचंही इतकं केलं नव्हतं आम्ही तुझ्या वेळी."

संध्याकाळी कूलरसमोर बसून मोबाइलवर तानपुरा लावला. बाबा पलीकडच्या खोलीत, पेपर तोंडासमोर. मंद्र पंचमापासून सुरुवात केली. अनामिका बसली. पंचम लागला, तीन-चार श्वास टिकला. मग धैवत, निषाद, सा. सावकाश, कारण वेगात मला येतच नव्हतं. यमनाचा आलाप म्हणता येईल असं काहीतरी दहा मिनिटं चाललं. मान वर करून बघायचं धाडस होत नव्हतं.

तेवढ्यात पलीकडून आवाज आला. "अरे, तुझा सा वर लागून राहिलाय."

मी थांबलो. तानपुऱ्याशी सा पुन्हा लावून बघितला. खरंच वर होता, चांगला जाणवण्याइतका. कारण लगेच लक्षात आलं. हवा दहा अंशांनी तापली की तिच्यातला ध्वनीचा वेग पावणेदोन टक्क्यांच्या आसपास वाढतो, आणि बासरीचा सूर त्याच्याबरोबर चढतो. फुंकेची ऊब त्यातला काही फरक गिळते, सगळा नाही. पुण्यातल्या एसी दुकानात जुळवून घेतलेली बासरी यवतमाळच्या मेमध्ये चढणारच. मोबाइलमधला तानपुरा मात्र बिचारा जिथल्या तिथे. हे सगळं बाबांना समजावून सांगायला मी तोंड उघडलं.

"ते राहू दे," बाबा म्हणाले. पेपर खाली ठेवला होता. "बासरी जराशी आत वळव आणि पुन्हा पंचमापासून घे."